ग्राफीनमधला फेज खरा की भासाचा? टेपपासून नकाशापर्यंतचा क्रम

रेझिस्टन्सच्या आलेखात एक उंचवटा आला की प्रकल्पाच्या अहवालात लगेच 'फेज ट्रान्झिशन' उमटतं. फेज म्हणजे इलेक्ट्रॉनांनी मिळून धरलेली वेगळी अवस्था; पुस्तकात प्रावस्था म्हणतात, लॅबमध्ये सगळे फेजच म्हणतात. गोची अशी की थरांच्या ग्राफीनमध्ये (ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूएवढा जाड पापुद्रा) असा उंचवटा द्यायला इलेक्ट्रॉनांच्या एकीची गरजच नसते. चुकीच्या कोनात बसलेला बोरॉन नायट्राइड (ग्राफीनभोवती गुंडाळायचा इन्सुलेटर स्फटिक), गेटखाली (व्होल्टेज देऊन वाहक कमी-जास्त करणाऱ्या पट्टीखाली) न आलेला कॉन्टॅक्ट, सुटलेली व्होल्टेजची तार, यांतलं कुठलंही एक कारण पुरतं. खालचा क्रम त्यासाठीच आहे. दर टप्प्यावर एखादा खोटा फेज जन्माला येऊ शकतो आणि तो तिथेच पकडायचा असतो, कारण पुढे गेल्यावर तो खऱ्यासारखाच दिसतो.

ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांत एमएस्सी किंवा पीएचडीचं काम करणाऱ्यांनी कामाची वाटणी आधीच करून घ्यावी. टेप, सूक्ष्मदर्शक आणि विश्लेषण कॉलेजात होतं. क्लीनरूमसाठी पवईला आयआयटीच्या नॅनोफॅब सुविधेकडे अर्ज करावा लागतो. कमी तापमानाचं मोजमाप जिथे क्रायोस्टॅटवर (नमुना अतिथंड करणाऱ्या यंत्रावर) वेळ मिळेल तिथे. म्हणजे नमुना प्रवास करणार, आणि तोही आपल्या हवेत. हे गृहीत धरूनच बेत आखा.

## १. आधी फेज ठरवा, मग तापमान, मग नमुना

बहुतेक जण नेमकं उलटं करतात. नमुना तयार होतो, आणि मग कळतं की हाताशी असलेल्या यंत्रात तो फेज दिसणारच नाही.

बर्नाल रचनेच्या (एक थर दुसऱ्यावर थोडा सरकलेला) दोन-थरी ग्राफीनला वर-खाली गेट लावून उभं विद्युत क्षेत्र दिलं की बँड गॅप (इलेक्ट्रॉनांना निषिद्ध ऊर्जेची फट) उघडते. त्याला ४ केल्विन पुरतं. हा परस्परक्रियेतून आलेला फेज नाही, साधा बँडचा परिणाम आहे, पण उपकरण नीट चालतंय याचा सर्वात खात्रीचा पुरावा हाच. सुमारे १.१ अंश तिढा दिलेल्या (एकमेकांवर फिरवून बसवलेल्या) दोन थरांत सहसंबंधित इन्सुलेटर (इलेक्ट्रॉनांनी एकमेकांना अडवल्याने प्रवाह थांबलेल्या अवस्था) काही केल्विनला दिसतात. २०१८ साली तिथे नोंदलेली सुपरकंडक्टिव्हिटी १.७ केल्विनपर्यंतची होती. एबीसी रचनेच्या (प्रत्येक थर एकाच दिशेला सरकत गेलेल्या) तीन थरांतली सुपरकंडक्टिव्हिटी केल्विनच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास येते. साध्या दोन-थरीत ती २६ मिलिकेल्विनच्या आसपास दिसली, आणि तीही थरांना समांतर चुंबकीय क्षेत्र लावल्यावर.

हाताशी १.५ केल्विनचा क्रायोस्टॅट असेल तर पहिल्या वर्षी बर्नाल दोन-थरी घ्या. तिढ्याचा मोह सगळ्यांनाच होतो, पण तिथे कोन ०.१ अंशाने हुकला तरी सगळं गणित बदलतं.

## २. फ्लेक काढणं

फ्लेक म्हणजे ग्राफाइटमधून सोललेला पातळ तुकडा. लागणारं सामान: ९० किंवा २८५ नॅनोमीटर ऑक्साइडचा सिलिकॉन वेफर, नैसर्गिक ग्राफाइटचे मोठे चकचकीत तुकडे, कमी गोंद सोडणारी टेप, हॉट प्लेट. ऑक्साइडची जाडी या दोन्हींपासून दूर गेली की एकथरी फ्लेक डोळ्यांना दिसेनासा होतो. 'साधारण ३०० असेल' अशा भरवशावर वेफर मागवू नका.

वेफरचे सेंटिमीटरभराचे तुकडे करा. आधी ॲसिटोनमध्ये, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये प्रत्येकी ५ मिनिटं अल्ट्रासोनिक द्या आणि नायट्रोजनने वाळवा. ॲसिटोन चिपवर वाळू देऊ नका, डाग पडतात.

ग्राफाइट टेपवर ४-५ वेळाच दुमडा. दहा वेळा दुमडल्याने थर पातळ होत नाहीत, तुकडे बारीक होतात. टेप चिपवर ठेवून अंगठ्याने मिनिटभर दाबा, १०० अंश सेल्सिअसला २ मिनिटं ठेवा, चिप पूर्ण निवू द्या आणि मग टेप अगदी सपाट कोनात, सावकाश सोलून काढा. सोलायला मिनिटभर लागलं तर वेग बरोबर आहे.

ऑक्सिजन प्लाझ्मा दिल्याने फ्लेक मोठे मिळतात हे खरं, पण ते ऑक्साइडला घट्ट चिकटतात आणि चौथ्या टप्प्यात उचलले जात नाहीत. उचलायचा फ्लेक असेल तर प्लाझ्मा सौम्य ठेवा किंवा गाळाच.

सावधान: जून ते सप्टेंबर ऑक्साइडवर पाण्याचा थर हमखास असतो. टेप लावण्याआधी चिप ११०-१२० अंशांवर १० मिनिटं तापवा आणि खोलीतली आर्द्रता डीह्युमिडिफायरने ४५ टक्क्यांखाली आणा. एसीत गार पडलेला चिपचा डबा बाहेरच्या दमट हवेत उघडला तर झाकणाच्या आतून दव धरतं, अगदी फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखं. डबा खोलीच्या तापमानाला आल्यावरच झाकण काढा.

सूक्ष्मदर्शकाच्या कॅमेऱ्याचं एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स कुलूपबंद करा आणि चित्राचा फक्त हिरवा भाग घ्या. फ्लेक आणि शेजारचा कोरा ऑक्साइड यांच्या उजेडातला फरक मोजा. एका थराला जितका फरक, दोन थरांना जवळपास त्याच्या दुप्पट. ऑटो एक्स्पोजर चालू असेल तर ही मोजणी निरर्थक ठरते, दर फोटोला तराजूच बदलतो.

## ३. थर मोजा, रचना तपासा

रंगावरून थर 'ओळखता' येतात ही समजूत धोक्याची आहे. रामन स्पेक्ट्रम (नमुन्यावरून विखुरलेल्या लेझरच्या बदललेल्या रंगांचा आलेख) घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. ५३२ नॅनोमीटरचा लेझर, शक्ती १ मिलिवॅटच्या आत. सुमारे २७००ला, म्हणजे दर सेंटिमीटरच्या एककात, जी शिखा येते ती एकथरीत एकसंध आणि सुमारे ३० रुंदीची असते. बर्नाल दोन-थरीत ती ५०च्या आसपास रुंदावते आणि चार उपशिखांची बनलेली दिसते. १३५०ला काही दिसता कामा नये, कारण ती दोषांची शिखा आहे.

इथली एक चूक फार होते. ग्राफीन बोरॉन नायट्राइडमध्ये, म्हणजे लॅबच्या भाषेत एचबीएनमध्ये, गुंडाळल्यावर पुन्हा रामन घेतलं की १३६६ला शिखा उभी राहते. ती एचबीएनची स्वतःची. तिला दोषांची शिखा समजून चांगला नमुना फेकून दिला जातो.

तीन किंवा अधिक थर असतील तर एका बिंदूचं रामन पुरत नाही. एकाच फ्लेकमध्ये एबीए (तिसरा थर पहिल्याच्या नेमका वर) आणि एबीसी शेजारी-शेजारी असतात आणि सूक्ष्मदर्शकाला दोन्ही सारखेच. २७००च्या शिखेचा आकार दर अर्ध्या मायक्रॉनला घेऊन नकाशा काढा. एबीसीची शिखा एका बाजूला झुकलेली आणि जास्त रुंद असते. एबीसी ही नाजूक रचना आहे. ताण किंवा उष्णता मिळाली की ती एबीएकडे घसरते. म्हणून एबीसीचा भाग उचलण्याआधीच एएफएमच्या (अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या) टोकाने कापून वेगळा करावा.

तपासणी: स्टॅक (थर एकावर एक रचणं) झाल्यावर रामन नकाशा पुन्हा घ्या. 'आधी एबीसी होतं' हा पुरावा नाही.

## ४. स्टॅक: उचलणं आणि ठेवणं

पीडीएमएसच्या (सिलिकोन रबराच्या) घुमटावर पॉलिकार्बोनेटचा पातळ पापुद्रा ताणून बसवा. त्याने आधी वरचा एचबीएन, मग ग्राफीन, मग खालचा एचबीएन आणि शेवटी ग्राफाइटचा गेट उचलायचा. एचबीएन २० ते ४० नॅनोमीटरचा असावा. त्याहून पातळ असला तर गळतीची भीती, जाड असला तर क्षेत्र पोहोचत नाही. उत्तम एचबीएन स्फटिक जपानमधल्या त्सुकुबाच्या एनआयएमएस संस्थेतून येतात. बाजारातला एचबीएन वापरणार असाल तर त्याचा स्वतंत्र गळती-चाचणीचा नमुना करून बघा.

उचलताना तापमान ४० ते ८० अंश. स्पर्शाची रेषा फ्लेकवरून सेकंदाला मायक्रॉनभर सरकली पाहिजे. भरभर गेलात की बुडबुडे अडकतात, आणि बुडबुड्यावर ठेवलेला कॉन्टॅक्ट पुढे काहीही दाखवतो. सोडताना १६० ते १८० अंश, मग पॉलिकार्बोनेट क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवा. तिढ्याच्या नमुन्याला यापुढे उष्णता देऊ नका, थर परत सरळ होऊ पाहतात.

आता सर्वात जास्त फसवणाऱ्या गोष्टीकडे. एचबीएनची जाळी ग्राफीनपेक्षा सुमारे १.८ टक्के मोठी. दोन्ही एकाच दिशेत बसले की सुमारे १४ नॅनोमीटरची मोआरे नक्षी (दोन जाळ्या एकमेकींवर आल्याने उमटणारी मोठी नक्षी) तयार होते, आणि दर चौरस सेंटिमीटरला २.४ लाख कोटी वाहक या घनतेजवळ दोन्ही बाजूंना रेझिस्टन्सच्या शिखा उभ्या राहतात. पुस्तकी लिखाणात १०च्या १२व्या घाताने मोजतात ते हेच, लाख कोटी. आता १.० अंश तिढ्याच्या ग्राफीनची पूर्ण भरण (मोआरेचा बँड वाहकांनी पूर्ण भरण्याची घनता) २.३ लाख कोटीला येते. म्हणजे चुकून जुळलेला एचबीएन आणि मुद्दाम दिलेला तिढा आलेखावर जवळपास एकाच जागी बोलतात!

उपाय सोपा आहे. फ्लेकच्या सरळ कडा बघा. त्या ३० अंशांच्या पटीत असतात, पण झिगझॅग की आर्मचेअर (अणूंच्या कडेचे दोन प्रकार) ते दिसत नाही. म्हणून ग्राफीनची आणि एचबीएनची सरळ कड एकमेकींशी १५ अंशात ठेवा. कड कोणत्याही जातीची निघाली तरी जुळणी टळते. आणि हे *दोन्ही* एचबीएनसाठी करा. खालचा सगळेच विसरतात.

## ५. कॉन्टॅक्ट आणि गेट

ट्रायफ्लोरोमिथेन आणि ऑक्सिजनच्या प्लाझ्माने कड कोरा. त्याच कडेवर ३ ते ५ नॅनोमीटर क्रोमियम आणि वर ६०-७० नॅनोमीटर सोनं चढवा. कोरणं आणि धातू यांत दिवस जाऊ देऊ नका, शक्यतो त्याच दिवशी उरका.

कॉन्टॅक्टकडे जाणारे ग्राफीनचे हात बहुधा वरच्या गेटखाली येत नाहीत. त्यांच्यावर फक्त खालच्या गेटचं राज्य. मोठं उभं क्षेत्र लावताना या हातांत पी-एन सांधा (धन आणि ऋण वाहकांच्या भागांमधली सीमा) तयार होतो किंवा ते कोरडे पडतात, कॉन्टॅक्टचा रेझिस्टन्स आभाळाला भिडतो आणि नकाशाच्या कोपऱ्यांत 'इन्सुलेटर' उगवतो. म्हणून खालचा गेट ग्राफाइटचा आणि फक्त मधल्या भागापुरता ठेवा. हात त्याच्या बाहेर काढा आणि सिलिकॉनच्या तिसऱ्या गेटने वाहकांनी भरून ठेवा. २८५ नॅनोमीटर ऑक्साइडवर सिलिकॉन गेटचा दर व्होल्ट चौरस सेंटिमीटरला सुमारे ७,५०० कोटी वाहक देतो. मध्ये एचबीएन असला तर थोडे कमी. म्हणजे ४०-५० व्होल्ट लागतीलच.

नमुना नेताना: चिप कॅरियरचे सगळे पाय ॲल्युमिनियम फॉइलने एकत्र गुंडाळा, वर धातूचा डबा, डब्यात सिलिका जेलची पुडी. निळी सिलिका गुलाबी झाली असेल तर ती संपली, बदला. ठाणे-वाशी लोकलमध्ये डबा मांडीवरच्या बॅगेत ठेवा, वरच्या रॅकवर नको. थंडीत, एसीच्या कोरड्या खोलीत स्थिरविद्युत पावसाळ्यापेक्षा जास्त मारते, म्हणून हाताळताना मनगटाची अर्थिंग पट्टी लावा.

## ६. थंड करण्याआधी

गेटला १०० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी व्होल्टेज द्या आणि गळती बघा. गळती नॅनोॲम्पिअरकडे वळायला लागली की तिथेच मर्यादा आखा. 'थंडीत सुधारेल' म्हणून पुढे जाऊ नका. खोलीच्या तापमानाला न चालणारा कॉन्टॅक्टही थंडीत क्वचितच सुधारतो.

लॉक-इन (ठरावीक वारंवारतेचाच सिग्नल मोजणारं यंत्र) १७ हर्ट्झच्या आसपास ठेवा, ५०च्या पटी टाळा. १०० मिलिव्होल्ट १० मेगाओहमच्या रोधकातून दिले की १० नॅनोॲम्पिअर मिळतात. ही रीत नमुन्याचा रेझिस्टन्स मेगाओहमच्या खाली असेपर्यंतच खरी. इन्सुलेटरमध्ये करंट स्थिर राहत नाही. शिवाय तारांची आणि फिल्टरची क्षमता १ नॅनोफॅरड धरली तर १७ हर्ट्झला तिचा अडथळा सुमारे ९ मेगाओहम, म्हणजे सिग्नल नमुन्याला वळसा घालून निघून जातो.

तपासणी: लॉक-इनचा ९० अंशांचा घटक मुख्य सिग्नलच्या ५-१० टक्क्यांवर गेला की तो आकडा रेझिस्टन्स म्हणून छापू नका. तिथे स्थिर व्होल्टेज देऊन करंट मोजा.

## ७. नकाशा: गेटचे व्होल्ट नव्हे, घनता आणि क्षेत्र

दोन गेट असताना एकच गेट फिरवलं तर वाहकघनता आणि उभं क्षेत्र दोन्ही एकदम बदलतात. मग कशामुळे काय झालं ते सांगताच येत नाही. म्हणून आधी रूपांतर करा.

घनता म्हणजे दोन्ही गेटची क्षमता गुणिले व्होल्टेज यांची *बेरीज*, भागिले इलेक्ट्रॉनचा भार. क्षेत्र म्हणजे त्याच दोन गुणाकारांची *वजाबाकी*, खालचा वजा वरचा, भागिले निर्वाताच्या पर्मिटिव्हिटीची दुप्पट. एचबीएनचा परावैद्युतांक ३ धरून दोन्ही बाजूंना ३० नॅनोमीटर जाडी घेतली तर दर व्होल्टला ५५,००० कोटी वाहक येतात. खाली +५ आणि वर −५ व्होल्ट दिले की घनता शून्य, क्षेत्र नॅनोमीटरला ०.५ व्होल्ट. दोन्हीकडे +१ दिला की क्षेत्र शून्य, घनता १.१ लाख कोटी.

पण तो ३ आकडा पुस्तकातला आहे. खऱ्या नमुन्यात ३.५ निघाला तर घनता १७ टक्क्यांनी चुकते, आणि अर्धी भरण म्हणून जाहीर केलेली जागा अर्धी नसतेच. क्रम असा ठेवा:

पहिल्यांदा दोन्ही गेट फिरवून ढोबळ नकाशा काढा. त्यात रेझिस्टन्सच्या शिखेची तिरपी रेषा दिसेल, ती शून्य घनतेची. तिच्या उतारावरून दोन क्षमतांचं गुणोत्तर मिळतं. त्या रेषेवर शिखा सर्वात बुटकी असते ती क्षेत्र शून्य असलेली जागा. ती सहसा नेमकी शून्य व्होल्टवर नसते, फरक वजा करा. मग चुंबकीय क्षेत्र लावून हॉल रेझिस्टन्सवरून किंवा क्वांटम दोलनांवरून (चुंबकीय क्षेत्रासोबत रेझिस्टन्स वर-खाली होण्यावरून) खरी घनता काढा आणि क्षमता त्यावर बेतून घ्या. त्यानंतरच बारीक नकाशा: घनता भरभर, क्षेत्र सावकाश, आणि दर ओळ दोन्ही दिशांनी.

बर्नाल दोन-थरीत शून्य घनतेवरची शिखा क्षेत्र वाढवल्यावर दोन्ही बाजूंना वाढत गेली पाहिजे. वाढत नसेल तर नमुना दोन-थरी नाही किंवा गेट पोहोचत नाही. पुढचं सगळं थांबवा.

## ८. फेज म्हणण्याआधीच्या परीक्षा

दुसरी जोडी. तोच उंचवटा व्होल्टेजच्या दुसऱ्या जोडीवर, त्याच घनतेला येतो का? येत नसेल तर तो त्या कॉन्टॅक्टचा. तिढ्याच्या नमुन्यात तो थोडा सरकला तर कोन जागोजागी वेगळा आहे: १.१ अंशाला पूर्ण भरण २.८ लाख कोटी, १.० अंशाला २.३.

दिशा आणि वेग. जाताना-येताना उडी वेगळ्या जागी पडली तर पहिल्या प्रकारचं संक्रमण असू शकतं. फेरीचा वेग चौपट कमी करून बघा. अंतर मिटत गेलं तर तो फिल्टरचा उशीर किंवा भार अडकण्याचा प्रकार.

तापमान. इन्सुलेटर म्हणायचं तर रेझिस्टन्सचा लॉगरिदम आणि तापमानाचा व्यस्त यांची रेषा सरळ हवी, आणि रेझिस्टन्स किमान दसपट बदललेला हवा. १० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या गॅपला या रेषेचा उतार ५८ केल्विन. दोन-तीन बिंदूंवरून रेषा मारू नका, कुठलेही दोन बिंदू सरळच असतात.

करंट. १, ३, १० नॅनोॲम्पिअर, तिन्हींना आकडा सारखा यायला हवा. सुपरकंडक्टिव्हिटीचा दावा असेल तर शून्य रेझिस्टन्स हा सर्वात दुबळा पुरावा. व्होल्टेजची तार सुटली तरी शून्यच येतं. ठरावीक करंटला व्होल्टेज उसळणं, चुंबकीय क्षेत्राने ते मरणं आणि तापमानासोबत ओसरणं, तिन्ही एका नमुन्यात दाखवा.

दोलनं. अर्ध-धातू (इलेक्ट्रॉनांच्या चारपैकी दोनच जाती भरलेल्या) आणि पाव-धातू (एकच भरलेली) ओळखण्याची ही खरी कसोटी. ग्राफीनमधला इलेक्ट्रॉन चार जातींचा असतो: दोन स्पिन, दोन व्हॅली (संवेगाच्या दोन वेगळ्या जागा). घनता १ लाख कोटी असेल आणि चारही जाती सारख्या भरल्या असतील तर चुंबकीय क्षेत्राच्या व्यस्तात दोलनांची वारंवारता १०.३ टेस्ला. दोनच जाती उरल्या तर २०.७, एकच उरली तर ४१.४. संक्रमणाची सीमा ओलांडताना हा आकडा उडी मारतो. उडी नाही, फक्त रेझिस्टन्स बदलला, तर सममिती मोडली असं लिहू नका. मात्र फर्मी पृष्ठाचे (भरलेल्या आणि रिकाम्या अवस्थांमधल्या सीमेचे) लहान-मोठे खिसे एकत्र असतील तर एकाच घनतेला दोन वारंवारता येतात. त्यांतली सोयीची निवडून चालत नाही. खिशांच्या वाट्यांची बेरीज पूर्ण घनतेशी जुळायला हवी.

मिलिकेल्विनच्या फ्रिजवर आणखी एक बघा. थर्मामीटर २० मिलिकेल्विन दाखवत असला तरी फिल्टर नीट नसतील तर इलेक्ट्रॉन त्याच्या कितीतरी पट उबदार असू शकतात. फ्रिज थंड करत गेल्यावर दोलनांची उंची एका तापमानाखाली वाढायची थांबली तर इलेक्ट्रॉन तिथेच अडकलेत. आलेखाच्या अक्षावर तेच तापमान लिहा.

## ९. बंद करताना

मोजमाप चालू असताना वीज गेली की गेट एका झटक्यात शून्यावर पडतात आणि एचबीएन फुटू शकतो. गेटचे स्रोत यूपीएसवर हवेतच. एरवी दर सेकंदाला ५० मिलिव्होल्टने खाली आणा, सगळे पाय अर्थ करा, मग तारा सोडा.

नमुना खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पंप बंद करू नका. २५० केल्विनला घाई करून झडप उघडली तर दमट हवेतलं पाणी आधी चिपवर बसतं. ३०० केल्विन झाल्यावर कोरडा नायट्रोजन भरा, चिप फॉइलमध्ये गुंडाळा, आणि डब्यावर तारीख, शेवटचे गेट व्होल्ट आणि कुठला कॉन्टॅक्ट मेलाय ते मार्करने लिहून ठेवा.